सुई डोळ्याच्या बाजूनं जाते

सौ. मंगल अमृत रेणुसे. पद मदतनीस, मानधन तत्त्वावर. मूळ राहणार मार्गासनीच्या पुढची एक वाडी, तालुका वेल्हे. हल्ली मुक्काम भोर. शिक्षण नववी उत्तीर्ण, दहावीस बसल्या होत्या. कार्यक्षेत्र: शस्त्रक्रियागृहाच्या दारापासून टेबलापर्यंत व टेबलापासून दारापर्यंत. कर्तव्ये: रुग्णास टोपी व हिरवा झगा घालणे, कवळी असल्यास काढून घेणे, कोणाची कोणती ते लक्षात ठेवणे, आणि डोळ्याशेजारी भुलीचे इंजेक्शन देतेवेळी रुग्णाचा हात धरणे. वैद्यकीय निर्णयात सहभाग: नाही. तक्रार: नाही.

भोरच्या त्या धर्मादाय नेत्र रुग्णालयाच्या दप्तरी मंगलविषयी एवढीच माहिती आहे आणि ती सगळी खरी आहे. हात धरून ती काय बोलायची, हे मात्र त्यात कुठं नाही. सगळी भानगड तिथं आहे.

आधी त्या इंजेक्शनचं सांगायला हवं. पुण्यात हल्ली मोतीबिंदू नुसते थेंब घालून काढतात. माणूस सकाळी जातो आणि दुपारी घरी येऊन सोफ्यावर बसतो. भोर-वेल्ह्यात तसं चालत नाही, कारण इकडची माणसं मोतीबिंदू पिकवतात. भातकापणी उरकली की बघू, मग लग्नसराई उरकली की बघू, मग पेरणी येते. तोवर डोळ्यातलं भिंग सुपारीसारखं टणक झालेलं असतं. असला डोळा थेंबांना दाद देत नाही. त्याला काही वेळ साफ गप्प करावं लागतं. दुखायला नको आणि हलायलाही नको. त्यासाठी डॉक्टर खालच्या पापणीच्या बाहेरच्या अंगाला बोटानं चाचपतात. तिथं खोबणीच्या हाडाची कड हाताला लागते. त्या कडेवरून एक बारीक सुई आत सरकवायची. ती डोळ्यात जात नाही. डोळा आणि हाड यांच्यामध्ये मऊ चरबी असते, लोण्यात ठेवावा तसा डोळा तिच्यात बसलेला असतो. औषध सोडायचं ते त्या चरबीत. मग वरून थोडा वेळ दाबून धरायचं, म्हणजे ते सगळीकडं झिरपतं. पापणी जड होते, बुबुळ जागच्या जागी थांबतं, उजेड मंदावतो. झालं.

हे वाचणाऱ्याला पटतं. ज्याच्या डोळ्याशी सुई येते त्याला पटत नाही. रानात सापावर पाय पडला तरी न ओरडलेला गडी त्या क्षणी मान फिरवतो, आणि मान फिरवू नये एवढी एकच त्या क्षणाची अट असते.

मंगल नोकरीला नवी होती तेव्हा पानशेतकडची एक म्हातारी टेबलावर अशीच मान हलवू लागली. भार्गवी मॅडम सुई हातात धरून थांबल्या. या भार्गवी मॅडम रुग्णालयाच्या डॉक्टर; भोर गावातल्याच, शिकायला बाहेर गेल्या आणि सगळ्यांच्या आश्चर्याला पात्र होऊन परत आल्या. त्यांनी तीन वेळा "आजी, समोर बघा" म्हणून पाहिलं. आजी समोर सोडून सगळीकडं बघत होत्या.

मंगलनं म्हातारीचा हात धरला आणि म्हणाली, "आजी, भाताच्या खाचराला पानी कसं देता? रोपाच्या डोक्यावर वतता का?"

"न्हाई बाई. बांधाकडनं सोडायचं."

"आन् मग रोपाला कसं पोचतं?"

"जातंय की आपसूक."

"हे बी तसंच हाय. सुई बाजूनं जाती. डोळ्याला शिवत बी न्हाई, औषध आपसूक पोचतं."

म्हातारी जरा सैल झाली, पण पुरती नाही. तेव्हा मंगलच्या तोंडून, तिचं तिलाही कळायच्या आत, पुढचं वाक्य गेलं. "माझ्या सासूबाईंनी हितंच केलं की. हू न्हाई का चू न्हाई. आता लांबनं एस्टीची पाटी वाचत्यात."

म्हातारीनं समोर बघितलं. सुई आत गेली, बाहेर आली. मॅडम म्हणाल्या, "वा, मंगल."

सासूबाईंविषयीच्या त्या वाक्यात दोन गोष्टी खोट्या होत्या. मंगलच्या सासूबाईंचं, म्हणजे धोंडाबाई रेणुसे यांचं, ऑपरेशन झालेलं नव्हतं. आणि त्यांना वाचता येत नव्हतं. पण वाक्य लागू पडलं, आणि लागू पडलेलं औषध कोण बदलतं? पुढच्या माणसालाही मंगलनं तेच दिलं, त्याच्या पुढच्यालाही. वर्षा-दोन वर्षांत धोंडाबाई दोन्ही तालुक्यांतल्या सगळ्यात धीराच्या रुग्ण झाल्या. मॅडमसुद्धा बाहेरच्या ओपीडीत सांगू लागल्या, "आमच्या मंगलताईंच्या सासूबाई बघा." एकदा त्या मंगलला म्हणाल्या, "मला त्यांचा डोळा आठवत कसा नाही हो? एरवी मला माणसं आठवत नाहीत, पण डोळे आठवतात." मग स्वतःच म्हणाल्या, "नीट झालेला डोळा लक्षात राहत नाही. त्रास दिलेलाच राहतो." मंगलनं मान डोलावली. वैद्यकीय निर्णयात तिचा सहभाग नव्हताच.

इकडं धोंडाबाई वाडीवर दोन म्हशी आणि एक ठाम मत यांच्यासह राहत होत्या. मत असं की भोरला जाऊन कोणाचं भलं झालेलं नाही. मुलगा आणि सून तिथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात, अमृत टेम्पो चालवतो, हे त्यांच्या मते या विधानाचा पुरावा होतं. अमृत आणि मंगल महिन्या-दोन महिन्यांनी एखाद्या रविवारी यायची. येताना मंगल बिस्किटं आणायची, आणि आपल्या दवाखान्यातल्या बोलण्याविषयी अवाक्षर काढायची नाही.

ही व्यवस्था मोडली ती सोनबामुळं. सोनबा त्याच खोऱ्यातला, गुरं राखणारा. रुग्णालयाची जीप मार्गासनीला तपासणी करून माणसं घेऊन यायची. एरवी ती भरून यायची, इतकी की ड्रायव्हरच्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं असायचं. त्या पावसाळ्याच्या शेवटाला ती रिकामी येऊ लागली, आणि त्या दिवशी तर तिच्यातून एकटा सोनबा उतरला. टेबलावर आडवा झाला, थेंब घालून घेतले, खाचराचं ऐकलं, मान डोलावली. मग हळूच म्हणाला, "बाई, एक इचारू का?"

"इचारा की बाबा."

"डोळा काडून वाटीत ठेवल्यावर वर काय झाकत्यात का? न्हाई, हितं मांजर दिसलं मला दाराशी."

मॅडमच्या हातातली सुई थांबली. मंगल म्हणाली, "डोळा कोन काडतंय, बाबा? हे तुमाला कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजे? तुमच्या सासूबाईंनी. त्यांचा ठेवला व्हता न्हवं. पितळेच्या वाटीत, मिठाच्या पान्यात. धुतला, पुसला, परत बशिवला. लई सोसलं बिचारीनं."

मॅडम मास्कच्या वर फक्त डोळे उरलेल्या चेहऱ्यानं मंगलकडं बघत राहिल्या. सोनबाचं ऑपरेशन झालं, वाटीशिवाय झालं. पण तो एवढा नाराज दिसत होता की आपल्याला काहीतरी कमी दिलं असं त्याला वाटलं असावं.

पुढच्याच रविवारी मंगल वाडीवर गेली. ओट्यावर दोन बायका बसल्या होत्या आणि धोंडाबाई तांदूळ निवडत, म्हणजे बोटांनी चाचपत, त्यांना सांगत होत्या, "दुकतं. का दुकू ने? काळजाचा तुकडा वाटीत पडल्यावर दुकनारच की. पन म्या त्वांडातनं आवाज काडला न्हाई."

"मंग दिसतं कसं आता?"

"दिसतं की. तुजं लुगडं लाल हाय."

त्या बाईनं आपल्या मोरपंखी लुगड्याकडं बघितलं, पण मोठ्या माणसाचा शब्द म्हणून गप्प बसली. बायका गेल्यावर मंगल आत आली.

"आत्या, हे काय सांगताय लोकांना?"

"कोन, मंगल? ये. पावलांवरनंच वळीकलं मी." धोंडाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "आता तू सांग. तू काय सांगितलंस लोकांना, हे म्या इचारलं का?"

मंगल तिथंच खाली टेकली.

"माणसं दारात येत्यात. म्हनत्यात, धोंडाबाई, तुमचं झालंय न्हवं, कसं झालं सांगा. पयल्या बाईला म्हनले, न्हाई गं बाई, माझं कुठं! तर ती हसली. म्हनली, तुमी लई साध्या, बढाया मारत न्हाई. दुसरी आली, तिसरी आली. दारात आलेल्या माणसाला इन्मुख पाटवायचं? च्या पेल्यावर कायतरी सांगायला पायजे का नको?"

"म्हनून वाटी?"

"मला काय ठावं तुमी आत काय करता? मी माझ्या अकलेनं सांगितलं. तू नुसतं 'झालं' म्हनून मोकळी झालीस. पुढलं कुनी निस्तरायचं?"

तेवढ्यात दाराच्या उजेडात तिला धोंडाबाईंचा उजवा डोळा दिसला आणि बाकी सगळं मागं पडलं. बुबुळाच्या मधोमध ओल्या खोबऱ्याची चकती ठेवावी तसं पांढरंफेक. डावाही करडा, पण उजवा पुरता पिकलेला. असे डोळे मंगलनं पाहिले होते. पिकून पिकून आत फुगतात, एक दिवस ठणकायला लागतात, लाल होतात. मग माणसं रात्रीची जीप करून येतात आणि मॅडम बॅटरीचा उजेड टाकून विचारतात, दिसतं का? आणि माणूस म्हणतो, न्हाई. तसल्या डोळ्यातला मोती निघतो, पण नजर परत येत नाही.

"आत्या, हा डोळा ताबडतोब करायला पायजे."

"माझं झालंय की."

"आत्या!"

"साऱ्या खोऱ्याला ठावं हाय, झालंय म्हनून. आता भोरला जाऊन पट्टी बांदून आले तर लोकं काय म्हनतील? धोंडाबाई खोटं बोलली. ह्या वयाला?"

"खोटं मी बोलले."

"तू बोललीस ते पोटासाटी. तुला कुनी नाव ठेवनार न्हाई. मी बोलले ते मानासाटी. ते वाईट." त्या पुन्हा सुपाकडं वळल्या, सुपाच्या शेजारी हात फिरवून मग सूप सापडलं. थोड्या वेळानं, आवाज खाली आणून, जणू म्हशींनी ऐकू नये, त्यांनी विचारलं, "मंगल, ती वाटी खरंच नसती ना गं?"

मंगलनं त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. थेंब, हाडाची कड, सुई, चरबी, खाचराचं पाणी. धोंडाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यापरास वाटी बरी." आणि विषय संपला. मंगल बिस्किटाचा पुडा ठेवून परत आली. येताना एस्टीत खिडकीशी बसून तिनं पहिल्यांदाच मनाशी कबूल केलं की हजार परक्या म्हाताऱ्यांना समोर बघायला लावणाऱ्या तिला घरची एक म्हातारी जागची हलवता येत नव्हती.

यानंतर जे घडलं ते सावळारामच्या पोराच्या लग्नामुळं. सावळाराम हे धोंडाबाईंचे चुलत दीर. पोराला मुलगी बघायला पानशेतच्या बाजूला जायचं होतं, आणि ऑपरेशन झालेली, नवी नजर असलेली भावजय घरात असताना दुसऱ्या कुणाला न्यायचं? धोंडाबाईंना भाड्याच्या टेम्पोत पुढं बसवून नेलं. मुलीकडच्यांनी कांदेपोहे आणले. धोंडाबाई समोर बसलेल्या बाईकडं बराच वेळ कौतुकानं बघत राहिल्या. मग सगळ्यांसमक्ष म्हणाल्या, "पोरगी वयानं जरा पुडं हाय, पन तोंडावर शांतपना हाय. आमच्या पोराला सांबाळून घील. मला पसंत."

ती मुलीची आत्या होती. तिला नातू होता. लग्न तरीही जमलं, कारण आत्या एवढी खूश झाली की तिनंच पुढं सगळं रेटलं. पण वाडीवर परत आल्यावर चर्चा झाली. आता इथं वाडीचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. ऑपरेशन झालंच नसेल, हे एकाच्याही मनात आलं नाही. धोंडाबाई रेणुसे खोटं बोलेल ही शक्यता कुणी विचारातच घेतली नाही. सर्वानुमते ठरलं ते असं, की ऑपरेशन बिघडलं.

अमृत मार्गासनीच्या स्टँडवर चहा प्यायला थांबला तेव्हा त्याच्या कानावर आलंच. "म्हातारीचा डोळा घालवला भोरला नेऊन. आन् तो बी सुनंनं." तो घरी येऊन मंगलला म्हणाला, "लोकं लई बोलाया लागल्यात." मंगल भाकरी थापत होती. ती थापतच राहिली. तव्यावरची करपली तरी तिच्या लक्षात आलं नाही. आता जीप रिकामीच येत राहणार, हे तिला कळलं. त्या खोऱ्यात पिकत बसलेले डोळे तिला आकडे नव्हते, माणसं होती. त्यातल्या निम्म्यांना ती नात्यानं ओळखत होती. आणि सगळ्यात पिकलेला डोळा आपल्याच घरी आहे, हेही तिला कळत होतं.

दोन-तीन दिवसांनी दुपारची ओपीडी संपत आली असताना रुग्णालयाच्या दारात धोंडाबाई उभ्या होत्या. एकट्या आल्या होत्या. नसरापूरला एस्टी बदलून, विचारत विचारत. हातात पिशवी, पिशवीत लुगडं, आणि फडक्यात बांधलेली भाकरी. भोरला खायला मिळतं यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"आत्या! अवो, कुनासंगं आलात?"

"एस्टीसंगं." त्यांनी पिशवी मंगलच्या हातात दिली. "दुसरा डोळा करायचाय."

"दुसरा?"

"पयला झालाय न्हवं. डावा. लोकास्नी डावाच सांगितलाय मी. आता उजवा." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मला बोलले आस्ते तर बोला म्हनले आस्ते. आंदळी म्हना, येडी म्हना. पन माझी सून डोळं घालवती म्हनल्यावर मी ऐकून घीन व्हय? सून माझी हाय. तिला बोलायचं तर मी बोलीन. सावळाराम कोन?"

पिशवी घेऊन मंगल आत गेली आणि विनाकारण तीनदा हात धुऊन आली.

तपासणीच्या काळोख्या खोलीत भार्गवी मॅडमनी धोंडाबाईंची हनुवटी यंत्रावर टेकवली. उजवा डोळा बघितला. डावा बघितला. डाव्यावर जरा जास्त थांबल्या. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. आत मूळचं भिंग, करडं पण जागच्या जागी, जसं जन्मताना दिलं गेलं होतं तसं. त्यांनी मान वळवून मंगलकडं बघितलं. मंगल भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होती.

"आजी," मॅडम म्हणाल्या, "तुमचा पहिला डोळा…"

"तो झालाय," धोंडाबाई यंत्रावर हनुवटी ठेवूनच म्हणाल्या. "त्याचं काय न्हाई आता. तुमी दुसऱ्याचं बगा."

धोंडाबाईंची कथा मॅडमनी स्वतः तालुक्याच्या दोन सभांत सांगितली होती. एका सभेत तर टाळ्याही पडल्या होत्या. त्यांनी पेन उचललं. "उजवा खूप पिकलाय," त्या म्हणाल्या. "बरं केलंत आलात. उद्याच करू. साखर आणि बीपी बघून घ्या, मंगल." आणि दारापर्यंत गेल्यावर, मागं न वळता, "तुम्ही मला नंतर भेटा."

सकाळी धोंडाबाई टोपी आणि हिरवा झगा घालून टेबलावर आडव्या झाल्या. झग्याविषयी त्यांनी एकच प्रश्न विचारला, की हा बायकांचा आहे का पुरुषांचा. थेंब घातले. मॅडम डोक्याशी उभ्या राहिल्या. शेजारच्या ट्रेमध्ये काहीतरी खणकन् वाजलं आणि धोंडाबाईंचा हात मंगलच्या हातात ताठ झाला.

"ती वाटीच ना?"

"कापसाची हाय, आत्या. औषधाचा कापूस असतो तिच्यात."

"पितळंची?"

"स्टीलची."

"हं," धोंडाबाई म्हणाल्या. वाटी होती, एवढं तरी आपण खरं सांगितलं, असं त्यांना वाटलं असावं.

मॅडमनी खालच्या पापणीच्या कडेला बोट ठेवलं, हाड चाचपलं. "समोर बघा आजी. छताकडं." धोंडाबाईंची मान ताठ होती, पण हनुवटी थरथरत होती. मंगलनं सुरुवात केली, "आत्या, खाचराला पानी जसं..."

"ते ठावं हाय. घरी सांगितलंस. फुडलं बोल."

पुढलं म्हणजे सासूबाई. इतकी वर्षं या टेबलाशी तिला शब्द शोधावा लागला नव्हता, आणि आज शोधून सापडत नव्हता. सुई वर आली होती. मॅडम थांबल्या होत्या. हनुवटीची थरथर मानेत उतरू लागली होती, आणि मान हलली की सुई कुठं जाईल हे खोलीतल्या तिघींपैकी दोघींना पक्कं ठाऊक होतं.

"बोल की," धोंडाबाई छताला म्हणाल्या. "समद्यास्नी सांगतीस. तुझ्या सासूचं काय ते मला बी कळू दे."

"माझ्या सासूबाईंनी," मंगल म्हणाली. तिनं धोंडाबाईंचा हात नीट धरला. "माझ्या सासूबाईंनी हितंच केलं. ह्याच टेबलावर."

"व्हय? एकटी आलती का कुनी आनली?"

"एकट्या आल्या. एस्टीनं."

"आन् मंग?"

"समोर बगत ऱ्हायल्या. मान हलू दिली न्हाई."

"घाबरली आसंल."

"घाबरल्या आसतील. पन दाखवलं न्हाई. हू न्हाई का चू न्हाई."

"लई धीराची दिसती तुजी सासू."

"लई."

"झालं," मॅडम म्हणाल्या.

"काय झालं?" धोंडाबाईंनी विचारलं.

"सुई जाऊन आली, आजी."

"मला वाटलं मुंगी चावली," धोंडाबाई म्हणाल्या. "आन् आतनं कुनीतरी ढकलल्यागत झालं जरा." मॅडम म्हणाल्या की बरोबर, औषध आत जागा करतं तेव्हा तसं वाटतं.

मग दाबायचं काम. ते नेहमी मंगलचं. मिटलेल्या पापणीवर कापसाची घडी ठेवून तळहातानं हलका, एकसारखा दाब द्यायचा, मध्ये मध्ये सोडायचा, पुन्हा द्यायचा. फार नाही, कमी नाही. मंगलनं हात ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात तिनं सासूच्या पाया पडताना पायांना हात लावला होता, डोक्याला तेल लावलं होतं, पण चेहऱ्यावर असा तळहात कधी ठेवला नव्हता. तळव्याखाली डोळ्याचा गोळा आधी हलत होता, पाखरासारखा, मग हळूहळू थांबला. धोंडाबाई त्या सगळ्या वेळात गप्प पडून होत्या. हे वाडीवर सांगितलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी पट्टी उघडली. धोंडाबाईंनी आधी मॅडमकडं बघितलं. "या येवड्याशा? आवाजावरनं मोठ्या वाटल्या." मग मंगलकडं. बराच वेळ. मंगल वाट बघत राहिली.

"ही साडी मी दिलेली न्हवं? नसरापूरच्या बाजारातली?"

"व्हय, आत्या."

"मी हिरवी म्हनून घेतली व्हती."

"निळीच हाय. पयल्यापासनं."

"आन् तू नेसत ऱ्हायलीस, काय बोलली न्हाईस?"

"तुमी हिरवी म्हनून दिलीत, मी हिरवी म्हनून नेसले."

धोंडाबाईंनी पदर हातात घेऊन चुरगळून पाहिला. "निळी बी बरी दिसती," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून आलेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्रक होतं आणि मंगलला ते कळलं.

मॅडमना मंगल ठरल्याप्रमाणं नंतर भेटली. दार लावून काय बोलणं झालं ते बाहेर आलं नाही. पण तेव्हापासून मंगल खाचराचं पाणी सांगते आणि तिथंच थांबते, आणि माणसानं विचारलंच, तर म्हणते, "माझ्या सासूबाईंना इचारा. वाडीवरच असत्यात."

लोक विचारतात. धोंडाबाई ओट्यावर बसून सांगतात. वाटीचं त्यांनी मागं घेतलं नाही. तसं करणं त्यांच्या स्वभावात नाही. त्या म्हणतात, "पयल्या टायमाला वाटी व्हती. आता नवी पद्दत आली. आता जागच्या जागी करत्यात, सुई बाजूनं जाती. म्या दोन्ही बघितलंय, मला इचारा." हे इतकं वाजवी वाटतं की खोऱ्यातल्या माणसांनी आपापली तपासणी लांबवली हेच बरं केलं, जुन्या पद्धतीतून सुटलो, असं समाधान करून घेतलं आणि ती जीपमध्ये बसली. ड्रायव्हरच्या मांडीवर पुन्हा गाठोडं आलं.

रुग्णालयाचे कार्यवाह आनंदराव हे निवृत्त मुख्याध्यापक. वार्षिक अहवाल तेच लिहितात आणि त्यांच्या कानावर जे येतं ते सर्व त्यात घेतात. यंदाच्या अहवालात असं आहे: "मार्गासनी परिसरातून मिळालेला प्रतिसाद उल्लेखनीय असून, सदर भागातील ज्येष्ठ लाभार्थी श्रीमती धोंडाबाई रेणुसे यांच्या दोन्ही नेत्रांवरील शस्त्रक्रिया यशस्वीरीत्या पार पडल्या आहेत व त्या स्वतः जनजागृतीच्या कार्यात हिरिरीने सहभागी आहेत."

पहिला डोळा अजून व्हायचा आहे.